क्लामर, फ्रांट्स

क्लामर, फ्रांट्स : (३ डिसेंबर १९५३ – ). विख्यात ऑस्ट्रियन स्कीपटू आणि उतारशर्यतीतील ऑलिंपिक विजेता. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडील कारिंथिया प्रांतातील मोसव्हाल्ट या डोंगरी खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९७६ मध्ये इन्सब्रुक येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत १ मिनिट ४५.७३ सेकंदांत त्याने उतारशर्यत जिंकली व त्याचे नाव जगभर झाले. विश्वकरंडक स्पर्धामालेतील उतारशर्यतींत २५ विजय आणि या प्रकाराची पाच वार्षिक विजेतीपदे हे पुरुष स्पर्धकांतील त्याचे उच्चांक अद्याप कोणी ओलांडलेले नाहीत. तथापि त्याच्या कारकीर्दीचे महत्त्व केवळ उच्चांकांपुरते मर्यादित नाही. या खेळात धोका पत्करल्यावाचून विजय मिळत नाही. तेव्हा त्या धोक्याची किंमत कोणी व किती मोजावी, हा प्रश्न या कारकीर्दीच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर उपस्थित होतो.

शर्यतीचे स्वरूप : दोन्ही पायांना लांब, चिंचोळ्या पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. पर्वतउतारावरील स्कीइंगच्या स्पर्धांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. स्लालम व महास्लालम या वळणशर्यतींत एकापाठोपाठ एक रोवलेल्या निशाणांमधून झपाट्याने वळणे घेत उतरावे लागते. त्यांत चापल्यास महत्त्व असते. डाउनहिल म्हणजेच उतारशर्यतीत निशाणे तुलनेने विरळ असून वेग हेच सर्वस्व असते. वळणशर्यतीत दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. उतारशर्यतीत मात्र रूढ पद्धतीनुसार एकच फेरी होते. त्यामुळे झालेली चूक भरून काढण्यास दुसरी संधी नसते. स्पर्धक एकामागून एक ठराविक अंतराने निघतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो जिंकतो. खानदेशातील कुस्तीच्या दंगलीत मल्लाला प्रतिस्पर्धी समोर दिसतो व त्याच्या डावाप्रमाणे आपला डाव बदलता येतो. उतारशर्यतीत प्रतिस्पर्धी दृष्टीस पडत नाही. स्पर्धकाची झुंज उतार, बर्फ आणि घड्याळ यांच्याशी असते.

ज्या प्रदेशात हिमवर्षाव होत नाही, तेथील वाचकास या उताराची कल्पना येण्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. सातपुड्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून ११०० मी. पेक्षा अधिक उंच आहे. तेथून तापीच्या मैदानात उतरणारा घाटरस्ता अनेक वळणे घेत, पुष्कळ लांबचे अंतर कापून खाली येतो. इन्सब्रुकजवळच्या पॅचरकोफेल पर्वतावरील १९७६ ची शर्यत १,९५० मी. उंचीवर सुरू होऊन १,०८० मी. उंचीवर संपत होती. म्हणजे तोरणमाळच्या घाटाशी तुलना करता येईल असा ८७० मी. चा उतार स्पर्धकांना अवघ्या ३,०२० मी. अंतरात उतरावयाचा होता. सरासरीने दर साडेतीन मीटरांमागे एक मीटर. मार्गही डांबरी नव्हे, तर दाबून घट्ट केलेल्या, जागोजागी काचेसारख्या गुळगुळीत बर्फाचा होता.

अशा उतारावर वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून स्पर्धक गुडघे दुमडून, धड मांड्यांवर टेकवून व हात पुढे घेऊन बसतो. फ्रान्सच्या झां व्हुआर्नेने १९६० च्या ऑलिंपिक सामन्यांतील उतारशर्यत जिंकली, तेव्हापासून ही अंडाकृती मुद्रा सर्वमान्य झाली. परंतु वळणावर व उंचवट्यावर ती टिकवणे कठीण असते. वळताना स्कीच्या पोलादी कडा बर्फात रुतवाव्या लागतात आणि त्या जितक्या अधिक रुतवाव्यात तितका वेग घटतो. उलट त्या कमी रुतवल्या, तर स्पर्धक मार्गाबाहेर फेकला जाण्याचा संभव असतो. या दोहोंमधील नेमकी रेषा शोधणे हेच उतारशर्यतीचे मर्म होय.

पूर्वेतिहास : स्कीचा उगम उत्तर युरोपात झाला असला, तरी उतारशर्यतीस आधुनिक रूप आल्प्स पर्वतात मिळाले आणि त्याच्याशी भारताचा दूरान्वयाने संबंध आहे. या शर्यतीचा प्रवर्तक आर्नल्ड लन (१८८८–१९७४) हा इंग्रज गृहस्थ मद्रास येथे जन्मला होता. त्याने १९११ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील माँटाना येथे उतारावरील शर्यत भरवली. तिच्यासाठी करंडक देणारा फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हा कानपूर येथे जन्मलेला व १८८५ ते १८९३ या काळात भारतातील ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती राहिलेला सेनानी होता. दुसऱ्या अफगाण युद्धात १८८० मध्ये काबूलहून कंदाहारवर केलेल्या चढाईमुळे ‘कंदाहार’ हे नाव त्याच्या किताबात आले आणि तेथून ते करंडकास व पुढे लनने स्थापन केलेल्या स्की मंडळासही मिळाले. लन आणि ऑस्ट्रियाचा स्कीशिक्षक हानेस श्नायडर यांनी १९२८ मध्ये आर्लबेर्ग–कंदाहार स्पर्धा सुरू केली. १९३० मध्ये व्हेंगेन (स्वित्झर्लंड) व १९३१ मध्ये किट्सब्यूल (ऑस्ट्रिया) येथील शर्यतींना प्रारंभ झाला. याच दोन शर्यती आजही सर्वांत मानाच्या समजल्या जातात. पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३१ मध्ये म्यूरेन येथे झाल्या. ऑलिंपिक सामन्यांत उतारशर्यतीचे स्वतंत्र पदक १९४८ पासून देण्यात येऊ लागले. हिवाळाभर निरनिराळ्या ठिकाणी होणाऱ्या शर्यतींचे गुण एकत्र करून विजेता ठरवणारी विश्वकरंडक स्पर्धामाला १९६७ मध्ये सुरू झाली.

ऑस्ट्रियाची अपेक्षा : दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्समधील पर्यटन व स्कीनिर्मिती यांना ऑस्ट्रियाच्या अर्थव्यवस्थेत मोलाचे स्थान प्राप्त झाले आणि स्कीपटूंचे यश ही राष्ट्राभिमानाची बाब बनली. टोनी झायलरने १९५६ च्या ऑलिंपिक सामन्यांत पर्वतउतारावरील तिन्ही शर्यती जिंकल्या. १९६४ मध्ये एगोन त्सिमरमानने इन्सब्रुक येथेच उतारशर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर मात्र हे पदक १९६८ मध्ये फ्रान्सच्या झां-क्लोद किलीकडे व १९७२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेर्नहार्ट रुसीकडे गेले. १९७२ च्या साप्पोरो सामन्यांच्या तोंडावर ऑस्ट्रियाचा अग्रगण्य स्कीपटू कार्ल श्रांट्स यास हौशी खेळाडूंविषयीच्या नियमांचा भंग केल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवण्यात आले. व्हिएन्नात परतलेल्या श्रांट्सच्या स्वागतास प्रचंड जनसमुदाय लोटला होता. त्याच वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी सार्वजनिक खर्चास नकार दिल्यामुळे डेन्व्हर शहराने १९७६ च्या सामन्यांचे यजमानपद सोडले आणि ते इन्सब्रुककडे आले. अशा रीतीने दुखावलेल्या अभिमानाची भरपाई स्वदेशात, स्वतःच्या पर्वतावर करण्याची संधी ऑस्ट्रियास लाभली. ती साधण्याचे ओझे वयाची तेविशीही न गाठलेल्या क्लामरच्या खांद्यांवर आले.

उदय : क्लामरने विश्वकरंडक स्पर्धामालेतील पहिला विजय २२ डिसेंबर १९७३ रोजी श्लाडमिंग येथे मिळवला. सेंट मॉरिट्स येथील १९७४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत उतारशर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक त्याचाच देशबांधव डाव्हिट त्स्विलिंगने पटकावले. अनेक शर्यतींतील कामगिरी एकत्र करून दिले जाणारे संयुक्त अजिंक्यपद मात्र क्लामरकडे आले. या काळात त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी स्वित्झर्लंडचा रोलां कोलोंबँ हा होता. कोलोंबँने १९७३ व १९७४ ही दोन्ही वर्षे उतारशर्यतीचा विश्वकरंडक जिंकला होता. परंतु फ्रान्समधील व्हाल दीझेर येथे १९७४ व १९७५ अशा लागोपाठच्या डिसेंबर महिन्यांत त्याला गंभीर अपघात झाले. दुसऱ्या अपघातात पाठीच्या कण्यास इजा होऊन त्याची कारकीर्द संपली. ज्या उंचवट्यावर तो पडला, त्यास पुढे त्याचेच नाव पडले.

१९७४-७५ च्या हंगामातील नऊ उतारशर्यतींपैकी आठ क्लामरने जिंकल्या. व्हेंगेन येथे त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकास ३.५४ सेकंदांनी मागे टाकले. जेथे क्रमांक सेकंदाच्या शतांशांनी ठरतात, तेथे हे अंतर अपूर्व होते. मुख्यतः एकाच प्रकारातील गुणांच्या बळावर तो त्या वर्षीच्या सर्वसाधारण क्रमवारीत इटलीचा गुस्टाव्ह टोनी व स्वीडनचा इंगमार स्टेनमार्क यांच्या खालोखाल तिसरा आला. व्हेंगेन व किट्सब्यूल या दोन्ही ठिकाणच्या शर्यती त्याने १९७५, १९७६ व १९७७ अशी सलग तीन वर्षे जिंकल्या.

इन्सब्रुक, १९७६ : ५ फेब्रुवारी १९७६ रोजी पॅचरकोफेलच्या पायथ्याशी आणि मार्गाच्या दुतर्फा सुमारे ६०,००० प्रेक्षक जमले होते. आदल्या खेपेचा विजेता रुसी तिसऱ्या क्रमांकावर निघाला व १ मिनिट ४६.०६ सेकंदांची उत्कृष्ट वेळ नोंदवून खाली आला. अग्रमानांकित पंधरा स्पर्धकांच्या गटात क्लामरला चिठ्ठीने पंधरावा, म्हणजे अखेरचा क्रमांक मिळाला होता. तोपर्यंत आधीच्या स्पर्धकांच्या स्कींनी मार्ग खरवडला गेला होता आणि रुसीची वेळ कोणीही मोडू शकला नव्हता.

पिवळ्या पोशाखातील क्लामर वरच्या भागात वारंवार तोल जाण्याच्या बेतात आला. त्याचे हात हवेत उडाले आणि एखादी स्की बर्फावरून सुटली. मार्गाच्या मधल्या टप्प्यावर तो रुसीपेक्षा सेकंदाच्या सुमारे एक पंचमांशाने मागे होता. क्लामरने पुढे स्वतः सांगितल्याप्रमाणे, खालच्या भागात त्याने सरावात आखलेली रेषा सोडून अधिक बाहेरून, कुंपणाच्या रोखाने वळण घेतले. त्यामुळे पुढील सरळ उतारावर त्याला जादा वेग मिळाला. अंतिम रेषा त्याने १ मिनिट ४५.७३ सेकंदांत ओलांडली. रुसी ०.३३ सेकंदाने मागे पडला आणि इटलीच्या हर्बर्ट प्लांकला कांस्यपदक मिळाले. क्लामरचा सरासरी वेग ताशी सुमारे १०२.८ किमी. होता. या वेगाने ०.३३ सेकंदाचे अंतर साडेनऊ मीटरांहूनही कमी भरते. तीन किलोमीटरांच्या शर्यतीत सुवर्ण व रौप्य यांमध्ये एवढाच फरक होता.

या फेरीचे वर्णन पुष्कळदा ‘बेभान’ अशा शब्दांनी केले जाते. ते अर्धेच खरे आहे. वरच्या भागातील धडपडीत तोल सांभाळताना त्याने खालच्या दिशेचा रोख कोठेही सोडला नाही. खालची बदललेली रेषाही केवळ आततायीपणाने सुचणारी नव्हती. ती सुचण्यास उताराचे पक्के ज्ञान आणि स्वीकारण्यास धैर्य, दोन्ही लागत होते. तथापि हेही ध्यानात घेतले पाहिजे, की हेच वळण साधले नसते, तर आज धैर्य म्हणून गौरविलेली कृती अविचार म्हणून नोंदली गेली असती. उतारशर्यतीत या दोहोंमधील सीमा अनेकदा निकाल लागल्यावरच आखली जाते. ऑस्ट्रियास त्या सामन्यांत एकूण दोनच सुवर्णपदके मिळाली. दुसरे स्कीवरील उडीत कार्ल श्नाब्लने मिळवले. त्यामुळे क्लामरच्या विजयाला देशाच्या दृष्टीने विशेष मोल आले.

पडता काळ व पुनरागमन : क्लामरने १९७५ ते १९७८ अशी सलग चार वर्षे उतारशर्यतीचे विश्वकरंडक विजेतेपद मिळवले. मात्र १९७७ मध्ये उतारशर्यतीतच झालेल्या अपघातात त्याच्या धाकट्या भावाचे पाय कायमचे लुळे पडले. ज्या खेळाने एका भावास राष्ट्रनायक केले, त्यानेच दुसऱ्यास चाकाच्या खुर्चीत बसवले. त्यानंतरही क्लामर स्पर्धांत उतरत राहिला. पण १९७८ नंतर त्याचे यश आटले आणि काही हंगाम त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. स्कीपटूची घसरण नेहमीच एका कारणाने होत नाही. साधनांतील बदल, घटलेला आत्मविश्वास आणि मनावरील आघात यांचा वाटा वेगळा काढणे अवघड असते आणि तसा तो काढण्याचा अट्टहासही करू नये. वस्तुस्थिती इतकीच, की १९८० च्या लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी विद्यमान विजेता असूनही ऑस्ट्रियाच्या उतारशर्यतीच्या चमूत त्याला स्थान मिळाले नाही. तेथे सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्याच लेओनहार्ट श्टॉकने जिंकले. राखीव म्हणून निवडलेला श्टॉक सरावातील वेळेच्या आधारे शर्यतीत उतरला होता. देशाची गरज भागली होती. तिला आता क्लामरची आवश्यकता उरली नव्हती.

अनेक विजेत्यांची कारकीर्द अशा ठिकाणी थांबते. क्लामरची थांबली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये व्हाल दीझेर येथे, जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर, त्याने पुन्हा उतारशर्यत जिंकली. १९८३ मध्ये त्याने पाचव्यांदा वार्षिक विजेतेपद मिळवले. जानेवारी १९८४ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो किट्सब्यूल येथे चौथ्यांदा विजयी झाला. हा त्याचा पंचविसावा व अखेरचा उतारशर्यतीतील विजय ठरला. त्यानंतरच्या महिन्यात सारायेव्होच्या ऑलिंपिक सामन्यांत तो दहावा आला व सुवर्णपदक अमेरिकेच्या बिल जॉन्सनला मिळाले. १९८५ मध्ये त्याने विश्वकरंडक स्पर्धांतून निवृत्ती घेतली. निवृत्तीनंतर काही काळ तो मोटारशर्यतींत सहभागी होत असे. त्याच्या नावाने स्थापन झालेली संस्था अपघातात जायबंदी झालेल्या खेळाडूंना साहाय्य करते. १९७६ च्या विजयावर आधारलेला एक जर्मन भाषेतील चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला.

धोका व सुरक्षितता : पॅचरकोफेलवरील यशाच्या मागे एक जुनी सावली होती. १९६४ च्या सामन्यांपूर्वी याच पर्वतावर सराव करताना ऑस्ट्रेलियाचा तरुण स्कीपटू रॉस मिल्न मृत्युमुखी पडला होता. पुढेही हा इतिहास खंडित झाला नाही. १९९१ मध्ये व्हेंगेन येथे गेर्नोट राइनश्टाडलर व १९९४ मध्ये गार्मिश येथे उलरिके मायर या ऑस्ट्रियन स्पर्धकांना उतारशर्यतीच्या मार्गावर प्राण गमवावे लागले. अशा प्रत्येक घटनेनंतर मार्गांची आखणी, दुतर्फा लावलेली जाळी, शिरस्त्राणे व बचावाची साधने यांत सुधारणा होत गेली. अलीकडे पोशाखाच्या आत फुगणारी हवापिशवीही वापरात आली आहे. मात्र साधने सुधारताच वेगही वाढतो आणि मिळालेली सुरक्षितता स्पर्धक अंशतः वेगापोटी खर्च करतात. म्हणून धोक्याचे उत्तरदायित्व केवळ स्पर्धकावर टाकून भागत नाही. मार्ग आखणारे, सामने भरवणारे आणि विजयाची अपेक्षा करणारे प्रेक्षक हेही त्यात वाटेकरी असतात.

भारतीय संदर्भ : भारतातर्फे हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत उतरलेला पहिला खेळाडू जेरेमी बुयाकोव्स्की हा होय. पोलिश कुळातील परंतु भारतात वाढलेल्या या स्कीपटूने १९६४ मध्ये इन्सब्रुक येथील उतारशर्यतीत भाग घेतला. पुढे बारा वर्षांनी क्लामरने जिंकली ती शर्यत ज्या पर्वतावर झाली, त्याच पॅचरकोफेलवर तो उतरला होता; पण त्याला ती शर्यत पूर्ण करता आली नाही. १९६८ च्या ग्रनॉबल येथील सामन्यांतही त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गुलमर्ग येथे स्कीइंग व गिर्यारोहण यांचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. १९८८ मध्ये कॅल्गरी येथे शैलजा कुमार ही स्लालममध्ये अठ्ठाविसावी आली. हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत भाग घेणारी ती पहिली भारतीय महिला होय. २०२२ च्या बीजिंग सामन्यांत काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. महास्लालममध्ये त्याचा पंचेचाळिसावा क्रमांक लागला. स्कीपटू घडण्यास बालपणापासून बर्फाचा सहवास आणि दीर्घकाळ लागणारा खर्च या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. महाराष्ट्राचा प्रदेश पहिलीपासून वंचित आहे आणि हिमालयातील खेळाडूंना दुसरीची चणचण भासते. या पार्श्वभूमीवर बुयाकोव्स्कीने शर्यतीच्या प्रारंभरेषेवर उभे राहणे हेही एक प्रकारचे यशच होते.

मूल्यमापन : क्लामरचे सर्वांत प्रसिद्ध यश पावणेदोन मिनिटांचे, तर कारकीर्द सुमारे बारा वर्षांची आहे. लोकांच्या स्मरणात पहिले राहिले असले, तरी क्रीडेतिहासाच्या दृष्टीने दुसरीचा विचार अधिक बोधप्रद ठरतो. इन्सब्रुकच्या दिवशी त्याच्या मागे सारे राष्ट्र उभे होते. १९८१ च्या डिसेंबरात तसे कोणी नव्हते. या काळात त्याने घरातील आपत्ती पाहिली होती, निवड समितीचा नकार सोसला होता आणि धोक्याचे खरे मोल त्याला कळून चुकले होते. ते ठाऊक नसताना दाखवलेल्या धैर्यापेक्षा ते ठाऊक झाल्यावर पुन्हा प्रारंभरेषेवर उभे राहण्याचे धैर्य निराळ्या प्रतीचे असते. क्लामरच्या पंचवीस विजयांत या दोन्ही प्रकारच्या धैर्याची नोंद आहे.